चौदा मिनिटांचं विमान

पेंटर आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोचला नव्हता, आणि त्यात आळसाचा भाग अजिबात नव्हता. माणूस पहाटे उठायचा, आवरून घाईघाईने निघायचा, आणि मग वाटेत पाट्या लागायच्या. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची उभी हयात गेलेली. दुसऱ्या कुणी रंगवलेली पाटी दिसली की त्याचे पाय त्याला न विचारता थांबायचे. कुठे अक्षरांची सावली चुकीच्या बाजूला पडलेली, कुठे दंतवैद्याचा 'दं' ऐसपैस पाय पसरून बसलेला आणि 'द्य' बिचारा कडेला चेंगरलेला. पेंटर मान तिरकी करून बघायचा, हळहळायचा, कधीकधी आत जाऊन दंतवैद्याला समजावूनही सांगायचा. तोवर जिथे जायचं तिथलं उरकलेलं असायचं.

थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या लग्नाला तो पोचला तेव्हा हॉलवाला खुर्च्या घडी करत होता. मेहुण्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना भेटायला हा दवाखान्यात गेला, तर मेहुणे बरे होऊन घरी गेले होते आणि त्या कॉटवर भलताच माणूस होता. पेंटर आणलेली संत्री त्याला देऊन आला.

अशा माणसाला, मेहुणे वारल्यापासून एकटी राहणाऱ्या अक्काचा फोन आला तेव्हा तो शिडीवर होता.

“हे बघ,” अक्का म्हणाली, “मला आता तीन जिने चढवत नाहीत. मालकाला सांगितलं, जागा सोडते.”

“मग इकडे ये की. मागची खोली रिकामीच आहे.”

“ह्यांचा पुतण्याही ये म्हणतोय. त्याच्याकडे लिफ्ट आहे.”

“माझ्याकडे जिनाच नाही. लिफ्ट कशाला लागते?”

अक्का वादात हरायला लागली की अट घालते.

“उद्या तो गाडी घेऊन येतोय. जेवून निघू म्हणतोय. तू माझ्या जेवणाच्या आत ये. आलास तर तुझ्याबरोबर येते. नाही आलास, तर ज्याला एक दिवस वेळेवर येता येत नाही त्याच्या भरवशावर म्हातारपण काढायचं नसतं, एवढं मला कळतं.”

अक्का एक वाजता जेवते. एक म्हणजे एक. तिच्या शेजाऱ्यांनी घरातली घड्याळं विकली असती तरी चाललं असतं.

पेंटर शिडीवरून उतरला आणि मागच्या खोलीत गेला. बायको गेल्यापासून तो त्या खोलीत फक्त रंगाचे डबे ठेवायचा, आणि खरं सांगायचं तर त्या डब्यांशी बोलायचा. डबे ऐकून घ्यायचे, पण उलट बोलायचे नाहीत, आणि उलट बोलणारं कुणी नसलं की घर कसं खायला उठतं ते त्याला गेली तीन वर्षं चांगलंच कळत होतं. पुतण्याचं गाव इतकं लांब, की अक्का एकदा तिकडे गेली म्हणजे नुसते फोनच येणार. त्याने डबे बाहेर काढले, कॉट खिडकीशी ओढली आणि सकाळच्या पहिल्या बसने जायचं ठरवलं. पहिली बस साडेनऊला अक्काच्या गावात सोडते. तिथून अक्काच्या दारापर्यंत वाटेतल्या सगळ्या पाट्या दोनदा वाचल्या असत्या तरी एक वाजला नसता.

हे सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण संध्याकाळी लेकीचा फोन आला आणि तिच्या हातातून जावयाने घेतला.

जावई नव्या विमानतळावर नोकरीला होता. नेमकं काय करायचा ते सासुरवाडीत कुणाला माहीत नव्हतं, पण त्याच्या हातात वॉकीटॉकी असायचा आणि गळ्यात ओळखपत्र, तेव्हा मोठंच काहीतरी असणार. विमानतळ सुरू होऊन वर्ष झालं तरी बायकोच्या माहेरचं एकही माणूस विमानात बसलं नाही, याचं त्याला मनातून फार लागलं होतं.

“बस कसली धरताय, बाबा? आपलं विमान आहे ना. चौदा मिनिटं.”

“चौदा?”

“चहा गार होत नाही तेवढ्यात. तिकीट माझ्याकडून. आणि आकाशात पाट्या नाहीत, हेही लक्षात घ्या.”

या शेवटच्या वाक्यात दम होता. मागून लेक कुजबुजली, “जा ना बाबा, ह्यांना बरं वाटेल.” पेंटरने हो म्हटलं. जावयाचं मन मोडायचं नाही, आणि चौदा मिनिटांत माणूस उशीर करून करून किती करणार, असा त्याचा साधा हिशोब होता.

सकाळी विमानतळाची गाडी आली. पेंटर बॅग घेऊन बसला आणि गाडी निघाली ती निघालीच. गाव मागे पडलं, वीटभट्ट्या मागे पडल्या, बसचा नेहमीचा चहाचा थांबासुद्धा मागे पडला. पेंटर अस्वस्थ झाला. ही तर अक्काच्याच गावची वाट होती. दीड तासाने काचेची एक भलीमोठी इमारत दिसली आणि दारात वॉकीटॉकी घेतलेला जावई.

जावयाने सासऱ्यांना सगळं फिरवून दाखवलं. सरकता जिना दाखवला, सामानाचा सरकता पट्टा दाखवला, पेंटरची बॅग त्या पट्ट्यावरून सरकत पडद्याआड गेली तेही दाखवलं. शेवटी एका मोठ्या काचेपाशी आणून उभं केलं. बाहेर नदी होती, नदीवर पूल होता आणि पलीकडच्या काठावर काचेची अशीच एक भलीमोठी इमारत चमकत होती.

“ते काय हो?” पेंटरने विचारलं.

“तो त्यांचा विमानतळ.”

“कुणाचा?”

“अक्कांच्या गावाचा. तुम्ही तिथेच उतरणार.”

पेंटर बराच वेळ बघत राहिला. पलीकडच्या इमारतीच्या काचा पुसणारा माणूस त्याला इथून दिसत होता. त्याने एक काच सोडली तेही दिसलं.

“जावईबापू, हे अंतर किती?”

“विमानतळ ते विमानतळ हवाई अंतर पाच किलोमीटर,” जावई अभिमानाने म्हणाला. “एवढ्या कमी अंतराची दुसरी सेवा तुम्हाला कुठे सापडणार नाही.”

झालं होतं असं, की दोन्ही गावांना एकाच वर्षी विमानतळाची हौस आली. दोघांनी एकमेकांना न विचारता जागा शोधली. दोघांनाही सपाट, मोकळी आणि कुणी भांडायला येणार नाही अशी जागा हवी होती, आणि तशी जागा दोन गावांच्या मधोमध नदीकाठी होती. एकाने हा काठ घेतला, दुसऱ्याने तो. इमारती उभ्या राहिल्यावर लोकांच्या लक्षात आलं, पण तोवर कोनशिला बसल्या होत्या. मग निदान दोन गावं विमानाने जोडली तरी जावीत म्हणून ही सेवा निघाली.

“आणि पुलावरून चालत गेलं तर?” पेंटरने विचारलं.

“चालत गेलं तर मग विमानतळाचा उपयोग काय, बाबा?”

इमारतीपासून विमानापर्यंत न्यायला बस होती. ती इतकी लांब गेली, की अजून थोडी गेली असती तर पूलच लागला असता.

विमानात पेंटरच्या शेजारी गाद्यांच्या कंपनीची एक सेल्सवाली बाई बसली होती. पट्टा बांधून झाल्याबरोबर तिने पर्समधून सुया आणि लोकर काढली.

“नवीन दिसताय,” ती म्हणाली. “विणायला काही आणलं नाहीत?”

“चौदा मिनिटांत काय विणून होणार?”

“एक बाही तर होते. एकदा अख्खा स्वेटर झाला होता. हाच, अंगात आहे तो.”

पेंटरने स्वेटरकडे पाहिलं. बारीक विणीचा होता.

विमान उडालं. हवाईसुंदरीने सुरक्षेच्या सूचना सांगायला घेतल्या आणि ती शिट्टी कशी वाजवायची इथपर्यंत आली तोवर पलीकडचा विमानतळ खाली येऊन मागेही पडला. पेंटरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काचा पुसणारा आता खाली बसून डबा खात होता.

“गेला की तो,” पेंटर म्हणाला.

“जाणारच,” बाई टाके मोजत म्हणाली. “विमान इतकं वर गेल्यावर लगेच खाली कसं येईल? आधी वळसा घालावा लागतो. आधी तुमचं गाव की आमचं, ते पायलटच्या मनावर.”

पायलटच्या मनात आज अक्काचं गाव होतं. थोड्या वेळाने खाली घरं दिसायला लागली. पेंटरने नाक खिडकीला लावलं. नदीचं वळण, बाजार, शाळेचं मैदान, आणि मग ती तीन मजली इमारत. गच्चीवरची पाण्याची टाकी त्याने स्वतः रंगवली होती, निळी, त्यावर मालकाच्या हट्टाखातर एक पिवळा मासा. मासा ओळखू येत होता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काहीतरी पांढरं हललं. अक्का असेल किंवा चादर असेल. त्याने हात हलवला.

“कोण आहे?” बाईने विचारलं.

“बहीण. तिच्याकडेच चाललोय.”

“मग बघून घ्या. परत येईल खिडकीत.”

बाई बोलली ते खरं ठरलं. विमान वळसा घालून पुन्हा नदीपाशी आलं आणि पायलटचा आवाज आला. आवाज शांत होता. पलीकडच्या विमानतळाला आज वर्ष पूर्ण झालं होतं आणि त्यानिमित्त सगळ्या कर्मचाऱ्यांचा धावपट्टीवर ग्रुप फोटो चालला होता. उंच माणसांना मागच्या ओळीत पाठवणं सुरू होतं, बाकी सर्व ठीक. उतरायची परवानगी देणारे साहेबही फोटोत होते आणि खुर्चीवर बसले होते, त्यामुळे त्यांना मध्येच उठता येत नव्हतं.

विमान पुन्हा अक्काच्या गावावर गेलं. पिवळा मासा आला आणि गेला. या खेपेला गॅलरीतलं पांढरं आत गेलं होतं आणि कुणीतरी वर बघून मूठ उगारत होतं. अशी मूठ या जगात एकाच माणसाला उगारता यायची. ती अक्काच होती.

पेंटरने घड्याळात पाहिलं. साडेअकरा. आता उतरलो तरी जमेल, त्याने स्वतःला समजावलं. बाईची बाही कोपरापर्यंत आली होती. हवाईसुंदरीने सगळ्यांना एकेक बिस्किट दिलं आणि ते जपून खायला सांगितलं.

फोटो संपला नाही. पहिल्या फोटोत कुणाचे तरी डोळे मिटले होते म्हणून दुसरा काढायचा होता. शेवटी पायलटने दिलगिरी व्यक्त केली आणि विमान हळूच खाली उतरवलं. पेंटर उठून सगळ्यांच्या आधी दाराशी गेला, पायऱ्या उतरला, लांबलचक बसने इमारतीपाशी आला, आणि दारात वॉकीटॉकी घेऊन जावई उभा.

“कसा झाला प्रवास?” जावयाने उत्साहाने विचारलं, आणि मग सासऱ्यांचा चेहरा पाहून त्याचा उत्साह गळाला.

“छान झाला,” पेंटर म्हणाला. “मी सकाळी निघालो तो कुठून हो?”

“इथूनच, बाबा.”

“तेच म्हटलं, ओळखीचं वाटतंय.”

पुढचं विमान संध्याकाळी होतं. पेंटर एका खुर्चीवर बसला. तो चिडला नाही. चिडला असता तर जावयाला बरं वाटलं असतं. तो नुसता हात मांडीवर ठेवून म्हणाला, “माझी बॅग तेवढी द्या. पूल चालत ओलांडतो आणि पलीकडे बस मिळते का बघतो. जेवण चुकणारच, पण ती गाडीत बसायच्या आत तोंड तरी दाखवतो.”

जावयाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बॅग पोचली.”

“कुठे?”

“अक्कांकडे. घरपोच. सामान आम्ही टेम्पोने पाठवतो, पुलावरून.”

“विमानाने का नाही?”

“लोकांना सामान वेळेवर हवं असतं, बाबा.”

जावयाच्या आयुष्यातला हा काही फार चांगला दिवस नव्हता. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. सामानाचा दुसरा टेम्पो मागच्या दाराशी लागला होता.

टेम्पोवाल्याचं म्हणणं सरळ होतं. “माणूस नेत नाही. लेबल असलेलं सामान नेतो. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?”

“लेबल असलं तर नेशील?” जावयाने विचारलं.

“लेबल असलं तर मला हत्ती दिला तरी नेतो.”

जावयाने सासऱ्यांना काट्यावर उभं केलं. काटा बोंबलायला लागला, कारण एका नगाला जेवढं वजन चालतं त्याच्या अडीचपट ते भरले. जावयाने कागदावर त्यांचे तीन नग दाखवले, अक्काचा पत्ता लिहिला आणि लेबलाची दोरी पेंटरच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बांधली.

“‘नाजूक’ लावू का?” त्याने विचारलं.

“लावा,” पेंटर म्हणाला. “आज तसंच वाटतंय.”

टेम्पोत तो एका पेटीवर बसला. समोर गाद्यांचे नमुने होते. ताडपत्री बंद होती, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं. पूल लागला तेव्हा चाकांचा आवाज बदलला आणि नदी मागे गेली. सकाळपासून ज्याच्यासाठी एवढा आटापिटा झाला ते काम पाच-सात मिनिटांत उरकलं. पुढचा रस्ता मात्र लांबचा होता, आणि गावात शिरल्यावर टेम्पोवाला दारोदार थांबत एकेक सामान उतरवत होता, सही घेत होता, सुटे नाहीत म्हणून कुणाशी वाद घालत होता. पेंटरने घड्याळ काढून खिशात टाकलं. मग राहवेना म्हणून काढून पाहिलं. दोन वाजून गेले होते.

अक्काच्या इमारतीखाली पुतण्याची गाडी उभी होती. डिकी उघडी आणि अक्काची ट्रंक आधीच आत. पेंटर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबला. टेम्पोवाला मागून म्हणाला, “चला काका, दारात पोचवायचं असतं. अर्ध्यावर सोडता येत नाही.”

दार अक्कानेच उघडलं. घर रिकामं झालं होतं. मधोमध एकच खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी पेंटरची बॅग. पुतण्या, एक सज्जन आणि पोट भरलेला माणूस, भिंतीला टेकून उभा होता.

“तुझी बॅग अकराला आली,” अक्का म्हणाली. “मला वाटलं मागोमाग तू येशील. मी एकला जेवले.”

“जेवलीस का?”

“मग काय उपाशी राहू? अट माझी, जेवण माझं. कुठे होतास?”

पेंटरने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि रचून सांगण्यासारखंही काही नव्हतं. वळसा सांगितला, ग्रुप फोटो सांगितला, बिस्किट सांगितलं. पुतण्याला हसू आवरेना, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. अक्का मात्र हसली नाही.

“थांब,” ती म्हणाली. “ते दोनदा घरावरून गेलं त्यात तू होतास?”

“होतो. तुला हात केला.”

“आणि मी मूठ दाखवली. माझ्या धुतल्या चादरी उडवल्या त्याने.”

“मूठ पोचली मला.”

अक्का खुर्चीवर बसली. “म्हणजे साडेअकराला तू घरी होतास.”

“काकू, घरी नाही,” पुतण्या नम्रपणे म्हणाला. “घरावर. तेही बरंच वर.”

“माझ्या घराच्या वर दुसरं कुणाचं घर आहे का? गच्ची माझ्याच डोक्यावर.” मग तिने भावाकडे पाहिलं. “जन्मात पहिल्यांदा वेळेवर आलास, आणि थांबला नाहीस.”

“थांबवत नव्हते गं.”

“मग ते धरायचं कसं?”

पुतण्याने घड्याळ पाहिलं आणि उजेडात निघालेलं बरं, एवढंच म्हटलं. पेंटर उभाच होता. “तू जा, अक्का,” तो म्हणाला. “अट ती अट. मी उशिरा आलो. कॉट खिडकीशी ओढून ठेवलीय, कधी यावंसं वाटलं तर.” आणि तो बॅग उचलायला वाकला.

“काका, जागचं हलायचं नाही,” टेम्पोवाला दारातून म्हणाला. “अजून सही झालेली नाही.”

“कसली सही?” अक्काने विचारलं.

“तीन नग मिळाले म्हणून. तुमच्या नावावर आहेत.” त्याने पेंटरच्या गळ्याखालचं लेबल वर करून दाखवलं. “घेणाऱ्याने सही केली नाही तर माल परत गोदामात. मी मोकळा नाही होत तोवर.”

“आणि गोदामात काय होतं?”

“पडून राहतो. वर्षभर कुणी विचारलं नाही तर लिलाव.”

अक्काने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस उभे राहिलेले, मिशीत बिस्किटाचा चुरा, छातीवर 'नाजूक'. एवढी वर्षं हा आपल्याला वाटेत कुठेतरी विसरतो, असंच तिला वाटत आलं होतं. विमान, बस, टेम्पो असं सगळं करूनही हा पोचत नाही तो नाहीच, आणि तरी दोन वाजून गेल्यावर जिने चढून दारात येतो, हे तिने नीट पहिल्यांदाच पाहिलं.

“याचा लिलाव केला तर बोली कोण लावणार?” ती म्हणाली. “आण ते पेन.”

तिने सही केली. टेम्पोवाल्याने एक रकाना बोटाने दाखवला. माल कोणत्या स्थितीत मिळाला. अक्काने जरा विचार केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: अख्खा.

“काकू, म्हणजे?” पुतण्याने विचारलं.

“म्हणजे माझे नुसते गुडघे गेलेत रे. याला एकटा ठेवला तर हा कुठल्या कुठे पोचवला जाईल. तुझ्याकडे लिफ्ट आहे, तू आहेस, सगळं जागच्या जागी आहे. मी सुट्टीला येईन.” पुतण्याला वाईट वाटलं, पण ट्रंक उतरवावी लागणार का, याची त्याला जास्त काळजी होती. अक्काने तीही मिटवली. “ट्रंक राहू दे गाडीत. आम्हाला दोघांना याच्या घरी सोड आणि तू पुढे जा. तुला वाकडी वाट पडेल, पण मी डबा देते.”

टेम्पोवाला पावती फाडून निघाला. पेंटर अजून दारातच होता. लेबल काढायचं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

“उभा काय राहिलास?” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. “हात धू. एक ताट वाढून झाकून ठेवलंय मी.”

“माझ्यासाठी?”

“नाही, पायलटसाठी. बस खाली.”

पेंटर जमिनीवर भिंतीला टेकून बसला आणि जेवायला लागला. अक्का खुर्चीवरून त्याला एकेक विचारत राहिली, बिस्किट गोड होतं की खारं, ती बाई शेवटी कुठे उतरली, जावई चेहरा कसा करून उभा होता. मध्येच तिने त्याला दोनदा खोटं ठरवलं. पेंटर खाली मान घालून जेवत होता आणि सगळ्याला उत्तरं देत होता. पुतण्या खाली जाऊन गाडी सुरू करून बसला, आणि बराच वेळ बसला, कारण वर बोलणं काही संपेना.